बिनवायरचा माऊस, नव्वद रुपयांच्या वायरीसकट

आधी कबुली देतो. मार्चमध्ये याच माऊसला मी एक स्टार दिला होता, आणि खाली जे लिहिलं होतं ते आईसमोर मोठ्याने वाचता आलं नसतं. आता माऊस घेऊन नऊ महिने झाले. जुनं लिहिलेलं काढून टाकलंय. चार स्टार.

माझं काम डीटीपीचं. रत्नागिरीत छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीत आरत्यांच्या पुस्तिका. जुना वायरचा माऊस चार वर्षं चालला आणि मग त्याला एका दाबात दोनदा वाजायची खोड लागली. फाईल नुसती निवडायला गेलं की उघडायचीच. मजकूर ओढून नेताना मध्येच हातातून सुटायचा. बटणाखालच्या स्विचमध्ये एक पातळ धातूची पट्टी असते. ती झिजली किंवा तिच्यावर गंज-मळ धरला की एकदा दाबलं तरी थरथरून दोनदा टेकते, आणि आमच्या हवेत गंज धरायला निमित्त लागत नाही. त्या जातीच्या स्विचवर एक कोटी क्लिकचा वायदा असतो. मी हिशोब केला: दिवसाला पाच हजार धरले, वर्षाचे तीनशे दिवस, चार वर्षं, म्हणजे साठ लाख. चाळीस लाख क्लिक माझे अजून येणे आहेत. समोरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून तीस-तीस रुपयांत दोनदा स्विच बदलून घेतला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, ‘काका, आता सोडा त्याला.’

तेव्हा कुठे हा घेतला. अकराशेला. डीपीआय (बाण किती झपाट्याने पळतो तो आकडा) वगैरे खोक्यावर वाचा, मी बाराशेवर ठेवून दिलाय आणि पुन्हा त्या बटणाकडे पाहिलेलं नाही.

पहिला आठवडा आवाज नसण्याची सवय होण्यात गेला. क्लिक सायलेंट आहे म्हणून घेतला, आणि मग आवाज आला नाही म्हणजे क्लिक लागलंच नाही असं वाटून मी पुन्हा दाबायचो. म्हणजे जुन्या माऊसची खोड आता मला लागली. रात्री उशिरापर्यंत काम घरीच चालतं, त्यामुळे आमची ही मात्र या माऊसवर पहिल्या दिवसापासून खूश. चाक तेवढं अजून करकरतं.

आता मूळ दुखणं. फेब्रुवारीपासून बाण अडखळायला लागला. सरळ रेघेत नेताना मध्येच थिजायचा आणि अर्ध्या सेकंदाने भलतीकडेच उगवायचा. वेब बघणाऱ्याला हे कदाचित कळणारही नाही. कोरलमध्ये, म्हणजे पत्रिका मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक ओळ ओढून बसवणाऱ्याचा जीव जातो. एका पत्रिकेत नवरीच्या नावाआधीचं ‘चि. सौ. कां.’ मी उचललं, बाण थिजला, मी बोट सोडलं, आणि ते जाऊन बसलं नवरदेवाच्या डोक्यावर. प्रुफात मुलीच्या काकांना दिसलं म्हणून वाचलो. पाचशे प्रती छापल्या असत्या तर कागदाचे पैसे कोण देणार होतं?

कंपनीच्या चॅटवर गेलो. सेल बदला. बदलला. ड्रायव्हर टाका. टाकला. माऊसपॅड बदला. टेबलावर कोरा आर्टपेपर अंथरून पाहिला. मग म्हणाले व्हिडिओ पाठवा. एका हाताने मोबाईल धरून दुसऱ्या हाताने अडखळणारा बाण दाखवायचा, आणि त्या वेळी तो नेमका शहाण्यासारखा चालणार. चौथ्या व्हिडिओत सापडला. बारा दिवसांनी दुसरा माऊस आला. तेवढे दिवस पुन्हा तो दोनदा वाजणारा.

आणि नवाही शुक्रवारी संध्याकाळी अडखळला! एक स्टारवालं त्याच रात्री लिहिलं.

पण शुक्रवार डोक्यात राहिला. दर शुक्रवारी मी आठवड्याचं काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो. मोठी पत्रिकांची फाईल तिच्यावरूनच उघडली तर इतर दिवशीही डिस्क लावलेली असते. माझा सीपीयू टेबलाखाली. पुढच्या दोन पोर्टपैकी एक मोडलेलं, दुसरं गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हसाठी. म्हणून माऊसचा डोंगल, म्हणजे त्याचा सिग्नल पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा, मागे, निळ्या पोर्टात. आणि त्याला अगदी खेटून, शेजारच्या निळ्या पोर्टात, डिस्क. डिस्क काढली, बाण लोण्यासारखा. लावली, पुन्हा उचक्या. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच.

हे काही गुपित नाही. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०. त्यावर डिस्क जोडली की डिस्क, तिची वायर आणि पोर्ट यांतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. माऊसचा डोंगल नेमका तिथेच कान लावून बसलेला. सेलवर चालणाऱ्या माऊसचा आवाज तो केवढा, त्यात शेजारी बँडबाजा. इंटेलने २०१२ सालीच यावर सविस्तर टिपण काढलंय, आणि त्यातला उपायही साधा आहे: दोघांत अंतर ठेवा.

बाजारातून नव्वद रुपयांची मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन वायर आणली. एक टोक मागे काळ्या पोर्टात, दुसरं टेबलावर मॉनिटरच्या पायाला चिकटपट्टीने डकवलं आणि त्यात डोंगल. एप्रिलपासून एकदाही अडखळला नाही. अख्ख्या लग्नसराईत नाही, गणपतीत नाही.

म्हणजे माऊस निर्दोष होता. पहिलाही बहुतेक असावा, तो मी उगाच परत पाठवला. पण चॅटवर भेटलेल्या चौघांपैकी एकालाही ‘डोंगल कुठे लावलाय?’ एवढं विचारता येऊ नये? खोक्यात ढीगभर भाषांतली घडीची पुस्तिका आहे. सेल कसा घालायचा ते चित्र काढून दाखवलंय, जे शाळेतल्या पोराला कळतं. याबद्दल एक ओळ नाही. काही महागड्या गेमिंग माऊसबरोबर अशी वायर येते म्हणे. अकराशे घेता, तर ती नव्वदची वायर तुम्हाला घाऊक भावात कितीला पडेल? पाचवा स्टार त्या वायरीपायी कापलाय.

बाकी पटकन सांगतो. एक पेन्सिल सेल लागतो, साधा सात महिने गेला, रोज आठ-नऊ तासांच्या वापराला. पैसे वाचवायला चार्ज होणारा सेल घातला तर दुसऱ्या आठवड्यातच लाल दिवा. तो सेल १.२ व्होल्टचा, साधा १.५ चा, म्हणून माऊसला तो लवकर संपत आल्यासारखा वाटतो. दिव्याकडे लक्ष देऊ नका, चालतो पुढे. आधीच्या एका माऊसचं कडेचं रबर पावसाळ्यात गुळासारखं चिकट झालं होतं. याच्या कडा साध्या प्लास्टिकच्या आहेत, जूनपासूनचा पाऊस खाऊनही कोरड्या आहेत. काचेच्या टेबलावर चालत नाही, खाली कागद ठेवा.

मॉनिटरला डकवलेली वायर बघून परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, ‘अजून वायरचाच माऊस वापरता?’ पत्रिका घाईची होती, मी हो म्हटलं.