गोव्याच्या रानासाठी ८×४२ : निकॉन मोनार्क एम५

दुर्बीण घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘हिच्यातून किती जवळ दिसते?’ हाच असतो. गोव्यात पक्षी पाहणाऱ्याने मात्र त्याआधी वस्तुभिंगाचा, म्हणजे पक्ष्याकडे तोंड असलेल्या पुढच्या काचेचा, व्यास विचारावा, असे निकॉनची मोनार्क एम५ वापरल्यानंतर मी आग्रहाने सांगेन. ८×४२ यातील ८ हे विवर्धन, म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसतो ते, आणि ४२ हा त्या काचेचा मिलिमीटरमधील व्यास. व्यास वाढल्याने पक्षी मोठा दिसत नाही. प्रकाश अधिक मिळतो, आणि तोही व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे २५ मिलिमीटरच्या खिशात मावणाऱ्या दुर्बिणीपेक्षा हिच्यात सुमारे २.८ पट प्रकाश शिरतो.

व्यासाला विवर्धनाने भागले की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ती येथे ५.२५ मिलिमीटर आहे, तर १०×४२ मध्ये ४.२. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखली, तर डोळ्याकडच्या काचेत हे उजळ वर्तुळ प्रत्यक्ष दिसते. करमळीच्या तळ्यावर भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, म्हणून तेथे लहान काचही चालून जाते. मोलेच्या दाट रानात, सकाळच्या अपुऱ्या उजेडात, फांदीवर निश्चल बसलेला कर्णा (मलबार ट्रोगन) हा पक्षी पाहायचा असेल, तर मात्र खरा कस लागतो. नराची काळी छाती आणि लाल पोट यांच्यामधली पांढरी रेघ या दुर्बिणीतून स्पष्ट उठून दिसते, आणि माझ्या मते एवढ्यासाठीच ४२ ची काच घ्यावी.

५० मिलिमीटरची काच सुमारे १.४ पट प्रकाश देते खरी, पण तिचे वजन घामाघूम होऊन चढ चढताना मानेला जाणवते. ही ६३० ग्रॅमची आहे. दृश्यक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा भाग, ६.४ अंशांचे, म्हणजे काहीसे अरुंद असल्याने, पानांआडून सतत हलणारे लहान पक्षी टिपायला सराव लागतो. चष्मा लावणाऱ्यांची मात्र चांगली सोय आहे.

आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे पावसाळ्यातही आतल्या काचांवर वाफ धरत नाही. बाहेरच्या काचांना बुरशीपासून जपायचे असेल, तर जून ते सप्टेंबर दुर्बीण कापडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी.