ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप, ११ महिने वापर: मशीन एक नंबर, पण एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) बघितल्याशिवाय घेऊ नका

हे मी डिसेंबरातच लिहायला बसलो होतो, आणि तेव्हा लिहिलं असतं तर "रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला नीट करून परत विकलेला, छोटा डेस्कटॉप कुणीही घेऊ नका" एवढंच लिहून मोकळा झालो असतो. बरं झालं थांबलो. आता मार्च संपत आला, मशीन घेऊन अकरा महिने झाले, मधे एकदा ते पार बंद पडलं आणि परत उभं राहिलं, त्यामुळे आता जे काय आहे ते नीट सांगता येईल.

आधी कॉन्फिगरेशन सांगतो. इंटेलचा आय५ प्रोसेसर, सहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी, कंपन्यांच्या ऑफिसातून लॉटच्या लॉट निघतात ती बारीक कॅबिनेटवाली मशीनं. एप्रिल २०२५ मधे ९,५०० ला घेतलं, दुकानाची सहा महिने वॉरंटी. मिरजेजवळ आमची गिरण आणि कांडप आहे, ते बायको बघते, मसाल्याच्या पुड्यांची लेबलं, बिलं, उधारीची वही हे सगळं ती कॉम्प्युटरवरच करते. आधीचा कोअर टू ड्युओ २००९ चा, तो चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं घ्यायचा. नवीन बघायला गेलो तर तीस हजाराच्या आत धड काय मिळेना, आणि लेबलं छापायला तीस हजार घालायची माझी तयारी नव्हती.

पहिले सहा महिने तक्रारीला जागाच नाही. बटण दाबलं की पंधरा-वीस सेकंदात चालू, आवाज नाही, टेबलावर जागा खात नाही. दुकानातून विंडोज १० टाकून आलं होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ साठी इंटेलची आठवी जनरेशन लागते, म्हणजे आमचं मशीन बाहेरच. एक वर्ष वाढीव अपडेट मिळत होते, पण वर्षभरानं परत तीच कटकट. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत विंडोज काढून त्याजागी लिनक्स मिंट २२ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. जुना लेझर प्रिंटर त्यानं स्वतःच ओळखला, बिलं लिबरऑफिसमधे चालू झाली, मराठी टायपिंगला फोनेटिक टाकून दिलं, आणि तीन-चार दिवसांत बायको मला न विचारता काम करायला लागली. नुसतं "विंडोज ११ चालत नाही" म्हणून लोकं असली चांगली मशीनं भंगारात घालतायत त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता खरा विषय, एसएमपीएस.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, दुसऱ्या दिवशी ४० किलो कांदा-लसूण मसाल्याची ऑर्डर द्यायची, लेबलं छापायची राहिलेली. बटण दाबलं तर लाईट एकदा लुकलुकली, पंखा एक झटका मारून थांबला आणि मशीन बंद. परत दाबलं, परत तेच. रॅम काढून पुसून बसवली, मदरबोर्डवरचा छोटा बीआयओएसचा सेल बदलला, केबल बदलली, काय फरक नाही. वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपलेली. दुकानात फोन केला तर म्हणाला एसएमपीएस गेलाय, दुसरा २,८०० ला पडेल, तोही जुनाच आणि गॅरंटी नाही, त्यापेक्षा दुसरं मशीनच न्या, हे हजारला लावून घेतो. साडेनऊ हजाराचं मशीन आठ महिन्यांत हजाराला! मी फोन ठेवून दिला.

मला वाटलं त्यात काय एवढं, गावात कुठल्याही दुकानात सहा-सातशेला एसएमपीएस मिळतो, आणून जोडू. आणला. कॅबिनेट उघडल्यावर कळलं की बसतच नाही. साध्या असेंबल्ड पीसीत मदरबोर्डला २४ पिनांचा कनेक्टर असतो, तो कुठल्याही एसएमपीएसचा कुठल्याही बोर्डाला चालतो, पण या ऑफिसवाल्या मशीनांत कंपन्यांनी आपापला कनेक्टर काढलाय, एकाचा सहा पिनांचा, दुसऱ्याचा आठ, तिसऱ्याचा अजून वेगळा. आमच्या मशीनला एसएमपीएसकडून नुसते १२ व्होल्ट येतात, बाकीचे व्होल्टेज मदरबोर्डवरच तयार होतात, हार्डडिस्कला करंट देणारी वायरसुद्धा मदरबोर्डमधूनच निघते. त्यात डब्याचा आकार लांबट, म्हणजे बाजारातला चौकोनी एसएमपीएस आत मावतही नाही. ऑनलाइन कन्व्हर्टर केबल मिळते, पण मग एसएमपीएस कॅबिनेटच्या बाहेर टेबलावर ठेवून वापरायचा, आणि गिरणीत मिरचीचं तिखट उडत असताना मी ते करणार नव्हतो.

त्या रात्री मी फार चिडलो होतो. प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, एसएसडी चांगली, आणि एका डब्यापायी सगळं भंगार? ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मधे राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही काढलं, मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या, शेतीची अवजारं सगळं त्यात घेतलं. माझं म्हणणं आहे की बाकीचं होईल तेव्हा होऊ दे, आधी या कनेक्टरांचं माप एक करायला लावा. मोबाईलच्या चार्जरचं झालंच ना.

शनिवारी भावानं सांगितलं म्हणून मिरजेत स्टेशनच्या बाजूला टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे तिथं गेलो. दुकानवाल्या चाचांचं वय सत्तरीच्या पुढं. म्हणाले आख्खं मशीन कशाला आणलं, डबा तेवढा द्या, मग स्वतःच म्हणाले असू दे, बघू तरी आतून. झाकण काढलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या पट्ट्यांत, एसएमपीएसच्या जाळीवर लाल थर बसलेला, तेलकट, बोटानं खरवडावा लागेल असा. ब्याडगी आणि संकेश्वरीचा आख्खा उन्हाळ्याचा सीझन त्या मशीननं कांडपापासून दहा फुटांवर काढला होता. ब्लोअर मारायला बाहेर फुटपाथवर नेलं तर शेजारचा चहावालाही खोकायला लागला.

एसएमपीएस खोलल्यावर त्यांनी आधी मोठ्या कॅपॅसिटरला (वीज साठवून ठेवणारा पार्ट) बल्ब लावून तो डिस्चार्ज केला. हे मुद्दाम सांगतोय कारण व्हिडिओ बघून घरी खोलणारे बरेच आहेत, त्या एका कॅपॅसिटरमधे प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, तेव्हा घरी खोलू नका. मग मला बोलावून टॉर्च धरून दाखवलं. कडेला पाच-सहा छोटे कॅपॅसिटर उभे, त्यातल्या तिघा-चौघांची डोकी सपाट आणि दोघांची फुगून वर आलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग. "हवा आत जायला जागा नाही राहिली तर तापणारच दादा, आणि तापलं की ह्याच्या आतलं पाणी सुकतं." नंतर मी वाचलं तर हिशोब असा आहे की दहा डिग्री तापमान वाढलं की या कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे मी मशीनला नावं ठेवत होतो आणि खरं कारण आमच्या गिरणीत उडत होतं.

दोन्ही फुगलेले कॅपॅसिटर काढून १०५ डिग्रीपर्यंत सोसणारे नवीन लावले, ८५ वाले घालायचे नाहीत म्हणाले. मी विचारलं, घरचा २००९ चा पीसी पडलाय त्यातले काढून आणू का, तर हात हलवून नाही म्हणाले. जुन्यातलं काय घ्यायचं आणि काय नाही हे त्यांच्याकडनं कळलं ते लिहून ठेवतो, रॅम, प्रोसेसर, कॅबिनेट, मॉनिटर, केबल, पंखा चांगला असेल तर पंखा, हे खुशाल घ्या, पण कॅपॅसिटर, बीआयओएसचा सेल आणि प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट नवीनच घालायची, आणि जुन्या हार्डडिस्कवर हिशोब ठेवायचे नाहीत. मग सिरीज बल्ब लावून, म्हणजे वायरीत मधे बल्ब जोडून, डबा चालू केला. बल्ब क्षणभर पेटला आणि विझला, म्हणजे आत कुठं शॉर्ट नाही, आणि पंखा फिरायला लागला. मजुरीसकट ३५० रुपये. मिरजेत सतार मोडली तरी नीट होऊन मिळते, तसलीच सवय या माणसाच्या हाताला आहे. दुकानदाराचे २,८०० आणि हे ३५०, फरक तुम्हीच बघा.

त्याला आता तीन महिने होऊन गेले, एकदाही अडलं नाही. मशीन कांडपाच्या खोलीतून उचलून आतल्या खोलीत नेलं, प्रिंटरला लांब वायर टाकली, दर पंधरा दिवसांनी रविवारी झाकण काढून ब्रश मारतो.

मुलीच्या पर्यावरणाच्या प्रोजेक्टसाठी शोधताना युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटीचा २००४ चा एक अभ्यास सापडला, त्या काळचा एक डेस्कटॉप आणि १७ इंची डबा मॉनिटर तयार करायला २४० किलो इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी लागायचं. म्हणजे घरात येण्याआधीच एवढं खर्च झालेलं असतं, ते भंगारात घालून तांबं-सोनं काढलं तरी परत येत नाही. आमच्या कांडपाला सहाव्या जनरेशनच्या वर काय लागतच नाही, मग ते अजून पाच वर्षं चालवायचंच.

घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, दुकानात रॅम-एसएसडी बघण्यात वेळ घालवू नका, ते चालतं. आधी झाकण काढायला लावा, एसएमपीएसवरचा पार्ट नंबर मोबाईलमधे फोटो काढून घ्या, आणि त्या नंबरचा सुटा एसएमपीएस बाजारात कितीला मिळतो ते तिथंच उभं राहून विचारा. तो मिळतच नसेल तर ते मॉडेल सोडा. मी जानेवारीत आमच्याच मॉडेलचं एक मेलेलं मशीन भंगारवाल्याकडं बघितलं, मदरबोर्ड गेलेला, ६०० रुपयांना नुसता त्याचा डबा काढून घेतला. चाचांकडून त्याचेही कॅपॅसिटर तपासून आणले, एक तासभर चालवून बघितला, आणि मार्करनं वर तारीख लिहून कपाटात ठेवलाय.