०.५ मिमी मस्कोव्हाइट मायका शीट: बँड हीटरसाठी उत्तम, भट्टीसाठी नको

इंजेक्शन मोल्डिंग मशीनच्या बॅरलवर (प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीवर) पट्ट्यासारखा आवळलेला बँड हीटर वेळेआधी गेला की दोष आतल्या तापणाऱ्या नायक्रोमच्या पट्टीवर टाकला जातो. हीटर उघडून पाहिला तर बहुतेक वेळा पट्टीभोवतीची मायकाची, म्हणजे अभ्रकाची, शीटच फुगलेली, काळवंडलेली किंवा घडीवर तडकलेली सापडते. म्हणून हे परीक्षण शीटचं आहे: सिलिकॉन रेझिनने बांधलेली, अभ्रकाच्या कागदापासून बनवलेली कडक मस्कोव्हाइट (पांढऱ्या अभ्रकाची) शीट, जाडी ०.५ मिमी, माप १००० × ६०० मिमी. लोहार चाळीपासून भोसरीपर्यंत हीटरच्या सामानाच्या दुकानांत हीच जास्त खपते. २०० ते ३०० अंशांवर चालणाऱ्या बॅरलच्या हीटरसाठी ती निःशंक घ्यावी. अट एकच, आतला बाइंडर (थर चिकटवणारं रेझिन) खरोखर सिलिकॉनचा हवा.

ही शीट म्हणजे खाणीतून निघालेला अखंड पापुद्रा नव्हे. अभ्रकाचं भंगार धुऊन, तापवून किंवा पाण्याच्या माऱ्याने त्याचे अतिशय पातळ पापुद्रे सुटे करतात. त्यांचा लगदा जाळीवर पसरून कागद बनतो. पापुद्रे एकमेकांना आपोआप धरून ठेवतात, त्यामुळे कागद बनताना गोंद लागत नाही. नंतर त्यात रेझिन मुरवायचं, थर रचायचे आणि गरम प्रेसमध्ये दाबायचे. यामुळे जाडी सगळीकडे सारखी मिळते आणि वाया फार कमी जातं. अखंड रुबी अभ्रक हाताने चिरून हीटरला वापरणं आता परवडत नाही. त्याची गरज बॉयलरच्या उच्च दाबाच्या गेज ग्लासमध्ये (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत) उरते, कारण गरम अल्कधर्मी पाणी काच खातं आणि अभ्रकाची स्वच्छ पट्टी तिला वाचवते.

डेटाशीटवर मस्कोव्हाइटसाठी सतत ५०० अंश आणि थोड्या वेळासाठी ८०० अंश असे आकडे असतात, फ्लोगोपाइट या जास्त उष्णता सोसणाऱ्या अभ्रकासाठी ७०० आणि १०००. बॅरल २५० अंशांवर असलं तरी पट्टीला टेकलेली शीट त्याहून कितीतरी जास्त तापते, हे विसरून हीटर आखले जातात. मायका बँडसाठी दर चौरस सेंटिमीटरला ३ ते ३.५ वॉट ही सुरक्षित मर्यादा धरावी. आतला व्यास १०० मिमी आणि रुंदी ५० मिमी असेल तर क्षेत्रफळ साधारण १५७ चौ. सेंमी, म्हणजे हीटर ५५० वॉटपर्यंतच. २३० व्होल्टवर त्याचा रोध सुमारे ९६ ओहम येतो. त्याच मापात ९०० वॉट बसवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक भेटतं. तिथे कुठलीही शीट टिकणार नाही, ते काम सिरॅमिक बँडचं आहे.

माल आला की तीन तपासण्या करून घ्याव्यात, अर्ध्या तासात उरकतात. पहिली मायक्रोमीटरची, चारही कोपरे आणि मधोमध. जाडी कमी-जास्त असेल तर क्लॅम्प आवळल्यावर काही ठिकाणी हवा राहते आणि तिथेच पट्टी लाल होऊन तुटते. दुसरी वजनाची. या मापाची शीट ६३० ते ६६० ग्रॅम भरायला हवी. बरीच हलकी भरली तर प्रेस नीट झालेली नाही, आत पोकळी आहे. तिसरी आगीची आणि सगळ्यात महत्त्वाची. दोन बोटं रुंद तुकडा गॅसच्या ज्योतीवर धरा. सिलिकॉनची शीट थोडा पांढरा धूर सोडते, वास येतो, मग पांढुरकी-राखाडी होते आणि थर घट्ट राहतात. काळा धूर, फुगे आणि सुटणारे थर दिसले तर बाइंडर शेलॅक किंवा इपॉक्सीचा आहे. तो माल मोटरच्या कामाला चालतो, हीटरला नाही. जळलेल्या सेंद्रिय रेझिनचा कार्बन मागे राहतो आणि वीज त्याच्यातूनच बॉडीपर्यंत वाट काढते.

रंगावरूनही बरंच कळतं. मस्कोव्हाइट चंदेरी-पांढरी असते, फ्लोगोपाइट सोनेरी-तपकिरी. दोन्ही एकाच गठ्ठ्यात आल्या तर दुकानदाराला परत करा.

कापणीत ही शीट समाधान देते. लिव्हर कटरवर स्वच्छ कापली जाते, ०.५ मिमीपर्यंत दणकट कात्रीही पुरते. पात्याची धार गेली की मात्र कडेचे थर उलतात, आणि पट्टी नेमकी त्या कडेवरूनच वळते. भोक पाडताना खाली प्लायवूड धरावं. पट्टी गुंडाळायच्या शीटच्या कडेला २ ते ३ मिमी अंतरावर खाचा घ्याव्यात आणि वरच्या-खालच्या झाकणाच्या शीट दोन्ही बाजूंनी ६ ते ८ मिमी रुंद ठेवाव्यात. ही वाढीव कड वाचवायला गेलं की ओलाव्यात अर्थिंगला करंट जातो. छोट्या व्यासाच्या नोझल हीटरला ०.५ ची कडक शीट वाकवू नका, ती बाहेरच्या अंगाला तडकते. तिथे ०.२ च्या दोन शीट एकावर एक घालाव्यात, किंवा जास्त रेझिनची लवचीक शीट घ्यावी. लवचीक शीटला पहिला धूर जास्त येतो, तो चालवून घ्यावा.

कापताना उडणारी धूळ निरुपद्रवी नाही. वर्षानुवर्षं ती श्वासात गेली तर फुफ्फुसांना कायमची इजा होऊ शकते. कटरवर बसणाऱ्या माणसाला साधा रुमाल नको, धुळीसाठीचा मास्क द्या आणि टेबल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

पावसाळा हा या मालाचा खरा शत्रू. अभ्रक स्वतः पाणी पीत नाही, पण कापलेल्या कडेतून थरांमध्ये दमटपणा शिरतो. वसई, पनवेल किंवा कोकणपट्टीतल्या शेडमध्ये शीट आडव्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवाव्यात आणि पट्टी गुंडाळण्याआधी १२० अंशांवर दोन तास भाजून घ्याव्यात. तयार हीटर ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) तपासावा. काटा १ मेगाओहमच्या खाली आला तर थेट सप्लाय देऊ नये. व्होल्टेज निम्मं केलं की शक्ती एक-चतुर्थांशावर येते, तेवढ्यावर तासभर तापवला की हीटर सुकतो. पहिल्यांदा चालवताना धूर निघेल, शेडची दारं उघडी असू द्या. पहिल्या तापणीनंतर शीट किंचित दबते, म्हणून हीटर थंड झाल्यावर क्लॅम्पचा बोल्ट पुन्हा आवळायचा. ही एक पायरी सोडली म्हणून जितके हीटर जातात तितके दुसऱ्या कशाने जात नसावेत. दुसरा मोठा मारेकरी म्हणजे नोझलमधून गळून हीटरखाली शिरलेलं वितळलेलं प्लास्टिक. ते तिथेच जळून कोळसा होतं.

आता ही शीट कुठे घेऊ नये. जालन्यातल्या स्टीलच्या इंडक्शन भट्ट्या किंवा कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावमधल्या फाउंड्री यांना कॉइलचं ग्राउट (कॉइलवरचा सिमेंटसारखा लेप) आणि रॅमिंग मास (ठोकून बसवलेलं भट्टीचं आतलं अस्तर, म्हणजे लायनिंग) यांच्यामध्ये अभ्रक लागतं, पण तिथे काचेच्या कापडावर चढवलेला लवचीक रोल हवा. तो दोन थरांना सरकायला जागा देतो, लायनिंग बाहेर ढकलताना ग्राउट फाटू देत नाही आणि ओल कॉइलपर्यंत जाऊ देत नाही. कडक शीट गोलाईत नीट बसत नाही आणि सांध्यात फटी राहतात. भट्टीसाठी फ्लोगोपाइटचा रोल मागा.

टेपचंही तसंच. आगीत चालू राहणाऱ्या केबलच्या तारेवर फ्लोगोपाइट किंवा कृत्रिम अभ्रकाची टेप असते. बीएस ६३८७ या ब्रिटिश मानकातल्या ‘सी’ चाचणीत केबलला ९५० अंशांवर तीन तास तग धरावा लागतो. एवढ्या उष्णतेत मस्कोव्हाइटमधलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि त्याचे थर फुगतात. उलट उच्च व्होल्टेजच्या मोटरच्या कॉइलवर मस्कोव्हाइटचीच टेप योग्य, कारण तिथे उष्णतेपेक्षा विद्युत ताण सोसायचा असतो. रेझिन भरलेली टेप घेताना तारीख बघा. मुदत संपलेली टेप ताठ होते आणि अर्ध्या रुंदीचा ओव्हरलॅप घेताना तिचे कपचे पडतात. डीसी मोटरच्या कम्युटेटरला लागतं ते मायकानाइट, शेलॅकने चिकटवलेल्या मोठ्या पापुद्र्यांचं, ही शीट नव्हे. रंग, तेलविहिरी खोदताना वापरायचा चिखल आणि चमकदार रंगद्रव्यांसाठीच्या भुकटीचा बाजारच वेगळा.

खरेदी करताना आणखी एक प्रश्न विचाराच. कागद बनतो तो भंगारातून आणि झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात हे भंगार, तिथल्या बोलीत ढिबरा, बंद खाणींच्या ढिगाऱ्यांतून कुटुंबं वेचतात. त्यांत मुलंही असतात. माती ढासळून तिथे जीव गेले आहेत. २०१७ पासून रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह ही संस्था पुरवठ्याची साखळी तपासायच्या कामात आहे. तुमचा पुरवठादार कच्चा माल कुठून घेतो, हे त्याला लेखी द्यायला सांगा. मोठ्या ऑर्डरला तो कागद मिळतो. मागणाऱ्यांची संख्या वाढली तर छोट्या ऑर्डरलाही मिळू लागेल.