श्रीलंकेचं यादवी युद्ध: भाषेमुळे की नोकऱ्यांमुळे?

सिंहली बहुसंख्याकांचं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात १९८३ ते २००९ चाललेल्या या युद्धाचं मूळ सांगताना दोन मतं हमखास समोर येतात.

एक मत भाषेकडे बोट दाखवतं. १९५६ साली पंतप्रधान बंडारनायके यांनी सिंहली ही एकमेव राजभाषा केली. पुढच्याच वर्षी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार करून त्यांनी तमिळ भागांना थोडी स्वायत्तता देऊ केली, पण बौद्ध भिक्खूंच्या दबावापुढे नमून १९५८ मध्ये तो करार मोडला. (भिक्खूंना एवढं सांभाळूनही १९५९ मध्ये बंडारनायके यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या एका भिक्खूनेच.)

दुसरं मत म्हणतं, खरं भांडण जागांचं होतं. शिकलेली पोरं भरपूर, नोकऱ्या मोजक्या. १९७१ मध्ये सिंहली तरुणांनीही सरकारविरुद्ध शस्त्र उचललंच होतं. त्याच सुमारास विद्यापीठ प्रवेशाचे नियम बदलले आणि वैद्यकीय, अभियांत्रिकीसाठी तमिळ माध्यमाच्या मुलांना जास्त गुण लागू लागले. उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्यात, जिथे शिक्षण हीच पुंजी, हा घाव वर्मी बसला.

मला दुसरं मत वजनदार वाटतं, पण अपुरंही. बेकारी दोन्हीकडे होती. वेगळ्या देशाची मागणी मात्र एकाच बाजूने आली, तमिळ नेत्यांच्या १९७६ च्या वड्डुकोड्डै ठरावात. शिवाय राजभाषेचा कायदा नोकरीचाही कायदा होताच: सिंहली येत नसेल तर सरकारी खुर्ची विसरा. मग ही दोन कारणं वेगळी काढायची तरी कशी?