न्येम्त्सोवा की स्व्येत्ला, आधी कोणाला वाचायचं?

झेक गावाकडचं साहित्य वाचायचंय पण सुरुवात कुठून करू असं होत असेल, तर दोन बायकांमधून निवडा, बोझेना न्येम्त्सोवा आणि कारोलिना स्व्येत्ला. फरक मोठा आहे, एकीने आजीच्या सहवासातलं बालपणीचं गाव लिहिलं आणि दुसरीने सासरचं.

न्येम्त्सोवा (१८२०-१८६२) रातिबोर्झित्सेत वाढली, वडील तिथल्या डचेसकडे घोडागाडीवर होते. सतराव्या वर्षी लग्न, नवरा पंधरा वर्षांनी मोठा, संसार कधी धड झालाच नाही, १८५३ मध्ये मोठा मुलगा हिनेक क्षयाने गेला, पैशाची कायम ओढाताण, आणि अशा दिवसांत तिने 'बाबिच्का' म्हणजे आजी लिहिली, १८५५ ला आली. कथानक शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. सण, ऋतू, कामं, आणि मधोमध ती आजी, जी पोरांना सांगते की काही वाया जाऊ नये म्हणून एका पिसासाठीसुद्धा कुंपणावरून उडी मारावी. इतकी चांगली माणसं एका गावात कशी, असं वाटायला लागतं खरं, पण मग विक्टोर्काची गोष्ट येते. एक सैनिक तिच्या मागे लागतो, ती घर सोडते, परत येते तेव्हा पोटुशी आणि वेडी झालेली असते, बाळाला पाण्यात टाकते आणि नंतर रात्री बंधाऱ्याकाठी अंगाई गात बसते. हे लिहिणाऱ्या बाईला गावातलं काय काय माहीत होतं ते इथे कळतं, मला तरी पुस्तकाचा जीव इथेच वाटतो.

स्व्येत्ला (१८३०-१८९९) प्रागच्या व्यापाऱ्याची मुलगी, पियानो शिकवणाऱ्या पेत्र मुझाकशी १८५२ मध्ये लग्न केलं, त्याचं गाव येश्तेद डोंगराखालचं स्व्येत्ला, गावाचं तेच नाव तिने लेखनासाठी घेतलं. सून म्हणून गाव बघितलं की काय दिसतं ते तिच्या कादंबऱ्यांत आहे, लग्नं, वारसा, धर्म, घराण्याची इज्जत. १८६७ च्या 'गावाकडची कादंबरी'त अंतोश वयाने मोठ्या, श्रीमंत विधवेशी लग्न करतो, संशयाने घर जळत राहतं, सिल्वा नावाच्या मुलीवर जीव जडतो तरी तो बायकोला सोडत नाही. १८६८ च्या 'ओढ्याकाठचा क्रूस'मध्ये एविच्का घराण्यावरचा शाप उतरवायला स्वतःहून त्या घरात लग्न करून जाते. सगळ्यांनी सतत त्यागच करायचा याचा मला वैताग येतो, पण पुस्तक खाली ठेववत नाही.

म्हणून गोष्टीची ओढ लागणारे असाल तर आधी स्व्येत्ला. सावकाश, रोज थोडं वाचणारे असाल तर बाबिच्का, तिचं इंग्रजी भाषांतर मिळतं. आणि वेळच नसेल तर न्येम्त्सोवाचीच 'दिवा बारा' म्हणजे 'रानटी बारा' घ्या, छोटी आहे, त्यातली बारा नावाची गुराख्याची पोर मैत्रिणीचं नको असलेलं लग्न मोडायला भूत बनून नवरदेवाला घाबरवते.