मार्कसिम: कपाशीला पुरेल, विश्वामित्रीला नाही

पेरणी, सिंचन किंवा पीकविम्याची जोखीम मोजायला तीस वर्षांच्या नोंदी तोकड्या पडतात. त्याच हवामानातली शंभरेक कृत्रिम वर्षं ब्राउझरमध्येच तयार करून देणारं साधन म्हणजे जोन्स आणि थॉर्नटन या संशोधकांचं मार्कसिम. फुकट आहे.

नकाशावर बडोदा गाठा (२२.३ उत्तर, ७३.२ पूर्व), हवामान मॉडेल, आरसीपी (हरितगृह वायू किती वाढतील याचं गृहीतक) आणि साल निवडा, ९९ पर्यंत आवृत्त्या, म्हणजे तितकी कृत्रिम वर्षं, मागा. सीडचा, म्हणजे यादृच्छिक मालिका जिथून सुरू होते तो, आकडा टिपून ठेवा, नाहीतर तीच मालिका पुन्हा निघणार नाही. २०५० निवडलं तर २०५० चा अंदाज मिळत नाही. त्या सुमाराच्या हवामानात शक्य असलेली वर्षं मिळतात. मॉडेलं सीएमआयपी ५ या आंतरराष्ट्रीय हवामान-मॉडेल संचातली, म्हणजे एक पिढी जुनी.

फाइल डीएसएसएटी या पीकवाढीच्या मॉडेलच्या साच्यात येते: सौर प्रारण, कमाल तापमान, किमान तापमान, पाऊस. तारीख पाच अंकी, सालाचे शेवटचे दोन अंक आणि वर्षातला दिवस (१ जून म्हणजे १५२, लीप वर्षी १५३). एक्सेल सुरुवातीचं शून्य गिळतं, म्हणून हा स्तंभ मजकूर म्हणूनच उघडा.

आजचा दिवस ओला की कोरडा हे मागच्या तीन दिवसांवरून ठरतं. पावसाचे खंड त्यामुळे फक्त कालचा दिवस पाहणाऱ्या जुन्या जनरेटरांपेक्षा बरे उतरतात. तरी ताळा घ्याच: हवामान खात्याच्या (आयएमडी) ०.२५ अंशी ग्रिडमधून, म्हणजे चौकटीगणिक दिलेल्या रोजच्या पावसाच्या नोंदींतून, जून ते सप्टेंबरचे पावसाळी दिवस आणि सर्वांत लांब कोरडा खंड काढून शेजारी ठेवा. पावसाळी दिवस मोजायचा उंबरठा दोन्हीकडे २.५ मिमीचाच हवा. एकीकडे शून्य धरलं तर फरक साधनाचा नसून तुमचा असतो.

पुराच्या कामाला मात्र हे घेऊ नका. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात सुमारे ५०० मिमी कोसळला. मासिक सरासरीवर बेतलेल्या साधनाच्या टोकाच्या आकड्यांवर असल्या दिवसासाठी भिस्त ठेवता येत नाही. दुसरी अडचण जास्त फसवी आहे, कारण आलेखात ती दिसतच नाही. प्रत्येक बिंदू स्वतंत्र चालतो. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या खोऱ्यातले पावागड, आजवा तलाव आणि शहर वेगवेगळे काढले, तर तिन्हीकडे एकाच दिवशी मुसळधार होण्याचा योग जवळपास नाहीसा होतो आणि नदीचा पूर कागदावर बुटका दिसतो. तिथे ग्रिडमधल्या प्रत्यक्ष दिवसांचे अख्खे नकाशे उचलून पुन्हा जुळवावेत, आणि शहरातल्या ढगफुटीसाठी पर्जन्यमापकाचीच नोंद घ्यावी. ग्रिडची चौकट पंचवीसेक किलोमीटरची, त्यात तो आकडा विरघळतो.