२५०० पट मायक्रोस्कोपच्या नावाखाली फसवणूक, घेण्याआधी वाचा

ऑनलाइन मायक्रोस्कोप घेताय तर पैसे भरायच्या आधी हे वाचा, कारण माझ्यासोबत झालं ते सरळसरळ फसवणूक आहे. जाहिरातीत ठळक अक्षरात २५०० पट मॅग्निफिकेशन, खाली मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या घड्या आणि व्हायरसचे काटे दाखवणारे फोटो, आणि चॅटवर विचारलं की हे सगळं दिसेल का, तर उत्तर "हो सर, एकदम क्लिअर". ते फोटो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे होते! असल्या साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपात ते दिसणं शक्यच नाही.

मॅग्निफिकेशन म्हणजे नुसतं मोठं करणं. जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसणं म्हणजे रिझोल्यूशन, आणि ते ठरतं प्रकाशाच्या वेव्हलेंग्थवर (तरंगलांबीवर) आणि ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे स्लाइडजवळच्या लेन्सच्या, न्यूमरिकल अपर्चरवर, म्हणजे एनएवर. लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचा हा आकडा. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच हे मांडलंय, वेगळे दिसू शकणाऱ्या दोन ठिपक्यांमधलं कमीत कमी अंतर म्हणजे वेव्हलेंग्थ भागिले एनएची दुप्पट. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर धरा, १०० पटीच्या ऑइल ऑब्जेक्टिव्हचा (लेन्स आणि स्लाइडच्या मध्ये तेल घालून वापरायच्या) एनए १.२५, उत्तर २२० नॅनोमीटर. बरेचसे बॅक्टेरिया १००० नॅनोमीटरच्या आसपास असतात म्हणून दिसतात, बहुतेक व्हायरस त्या २२० च्याही खाली. आता १० पटीचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळची लेन्स, काढून २५ पटीचा लावला तरी ते २२० काही कमी होत नाही, फोटो झूम करत गेलं की तो फक्त धूसर होतो ना, तसंच. उपयोगी मॅग्निफिकेशन एनएच्या ५०० ते १००० पट धरतात, म्हणजे इथे जास्तीत जास्त १२५०. उरलेलं सगळं बॉक्सवर छापायला.

सगळ्यात संताप कशाचा आला सांगतो. २५ चा आयपीस लावल्यावर काळपट धागे आणि गोल गोल ठिपके तरंगताना दिसले, विक्रेत्याला कळवलं तर म्हणे "बघा सर, बॅक्टेरिया हलतायत". स्लाइड सरकवली तर धागे जागच्या जागी, डोळा फिरवला की धागे पण फिरतात. ते फ्लोटर्स होते, म्हणजे डोळ्याच्या आत तरंगणारे बारीक कण. मॅग्निफिकेशन एवढं ताणलं की आयपीसमधून येणारा प्रकाशाचा झोत अगदी बारीक होतो, पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि डोळ्याच्या आतल्या कणांची सावली स्पष्ट पडते. कोणी शिकणारं पोरगं असतं तर त्याने वहीत बॅक्टेरिया म्हणून चित्र काढलं असतं.

मग स्टेजखाली, म्हणजे स्लाइड ठेवतात त्या पट्टीखाली, पाहिलं तर कंडेन्सरच (खालचा प्रकाश स्लाइडवर एकवटणारी लेन्स) नाही, नुसती भोकं पाडलेली गोल चकती. सोबत इमर्शन ऑइलची बाटली पण नाही. ऑब्जेक्टिव्हवर १.२५ कोरलंय, पण मध्ये हवा असेल तर एनए १ च्या वर जाऊच शकत नाही, आणि खालून तेवढ्या कोनातून प्रकाश आला नाही तर लेन्सचा पूर्ण फायदा मिळत नाही. म्हणजे ते २२० पण या मशीनमध्ये मिळणार नव्हतं. रिटर्न मागितला तर उत्तर, "२५०० पट लिहिलंय, २५०० पट दिलंय".

त्यामुळे कोणी पटींचा आकडा सांगितला की आधी ऑब्जेक्टिव्हचा जवळून फोटो मागा, त्यावर १००/१.२५ असं कोरलेलं असतं त्यातला दुसरा आकडा एनए. मग स्टेजखालचा फोटो मागा, आयरिस (प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारी झडप) असलेला आबे कंडेन्सर आहे का ते बघायला. टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका, आणि जाहिरातीचे व चॅटचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा, माझी तक्रार सध्या त्यांच्याच जोरावर चालू आहे.